परराष्ट्र खात्यात जायचंय? आधी एक पान लिहून बघ

बार्शीच्या एका मुलीने विचारलंय. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र, शिक्षण सगळं मराठीतून. युक्रेन, गाझा, तैवान, जिथे जे चाललंय ते सगळं वाचते. परराष्ट्र खात्यातच काम करायचंय. त्याला यूपीएससी हा एकच रस्ता आहे की आणखी आहेत, दिल्लीला जाऊन आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करावं का, इंग्रजी कच्चं आहे त्याचं काय, असे तिचे प्रश्न. शेवटची ओळ वडिलांची: "हे आपल्यासारख्यांचं काम नाही."

अगं, उत्तर लांब होणार आहे. चहा घेऊन बस.

आधी मी कोण ते सांगते. परराष्ट्र मंत्रालयात मी एकतीस वर्षं काढली, पण आयएफएस, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवेतली अधिकारी म्हणून नाही. स्टाफ सिलेक्शन कमिशनची तेव्हाची असिस्टंट ग्रेडची परीक्षा दिली आणि खात्यात ज्याला 'ब्रँच बी' म्हणतात त्या दाराने आत शिरले. बाहेर पाच पोस्टिंग झाली: दोन आखातात, दोन आफ्रिकेत, एक युरोपात. मधल्या काळात दिल्ली. निवृत्त झाले तेव्हा अंडर सेक्रेटरी होते. म्हणजे झेंडा लावलेल्या गाडीत मागच्या सीटवर मी कधी बसले नाही. त्या गाडीचं लॉगबुक मात्र तपासलंय. माझं उत्तर त्या बाजूने येणार आहे, एवढं लक्षात ठेव.

तू रोज रात्री टीव्हीवर बघतेस ते, म्हणजे दोन नेत्यांचं हस्तांदोलन, मागे झेंडे, खाली पळणाऱ्या पट्ट्या, हे आमच्या कामाचं फार तर पाव टक्का. उरलेल्या कामात दोनच गोष्टी असतात: अडचणीत सापडलेली माणसं आणि कागद. ज्याला या दोन्हींचा कंटाळा येतो त्याने या खात्यात येऊ नये, मग त्याला जगाचं राजकारण कितीही तोंडपाठ असो.

एक प्रसंग सांगते. आखातातल्या एका शहरात मी कॉन्सुलर विभागात, म्हणजे परदेशातल्या आपल्या नागरिकांची कामं बघणाऱ्या विभागात होते. गुरुवारी दुपारी, सुट्टी लागायच्या तोंडावर, एका इस्पितळाच्या शवागारातून फोन आला. चिपळूणजवळच्या एका वाडीतला इलेक्ट्रिशियन, वय बेचाळीस, रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. मृतदेह घरी पाठवायचा तर काय काय लागतं बघ. तिथल्या सरकारचा मृत्यूचा दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, पोलिसांची परवानगी, मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र, रद्द केलेला मूळ पासपोर्ट, वकिलातीचं ना-हरकत पत्र, आणि या सगळ्याच्या आधी गावाकडच्या वारसाचं संमतीपत्र. ते फॅक्सने आलं. सही बायकोचीच होती, पण नाव सासरचं. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर बायकोचं नाव होतं ते माहेरचं. नुसतं आडनाव वेगळं असतं तर निभावलं असतं, इथे पहिलं नावच वेगळं.

लग्नात बाईचं नाव बदलतात, कधी कधी पहिलंसुद्धा, हे तुला-मला समजतं. तिथल्या कारकुनाला कसं समजणार? आणि त्या माणसाचा थकलेला पगार, नोकरीच्या शेवटी मिळणारी रक्कम, विमा असलाच तर तो, हे सगळं पुढे याच कागदांवरून त्या बाईपर्यंत पोचायचं होतं. नावाकडे डोळेझाक करून ना-हरकत दिली असती तर मृतदेह शनिवारी गेला असता आणि पैसे कायमचे अडकले असते.

चिपळूणच्या एका एसटीडी बूथवर मृताचा भाऊ उभा होता. मी मराठीत बोलायला लागले तर तो आधी गप्पच झाला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही आपल्याकडच्या काय?" दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र स्टॅम्पपेपरवर करून तहसीलदार कचेरीत सही-शिक्क्यासह घ्यायचं होतं. त्याचा मजकूर मी त्याला फोनवर शब्दन्‌शब्द सांगितला आणि त्याने तो एका कॅलेंडरच्या पानामागे लिहून घेतला. 'ऊर्फ' कुठे घालायचा, लग्नाची तारीख कशी लिहायची, नावाचं इंग्रजी स्पेलिंग काय, सगळं. एकोणीस मिनिटं लागली. टेलिफोनच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक कॉलची नोंद करावी लागे म्हणून मिनिटं लक्षात राहिली. मंगळवारच्या विमानाने तो माणूस घरी गेला.

तुझ्या अभ्यासात कॉन्सुलर संबंधांचा १९६३ चा व्हिएन्ना करार असेल. त्याच्या पाचव्या कलमात वाणिज्यदूतावासाची कामं दिली आहेत आणि त्यात आपल्या देशाच्या नागरिकांना मदत करणं हे एका साध्या ओळीत येऊन जातं. कॅलेंडरमागचा तो मजकूर त्या ओळीत बसतो. मोठ्या मोहिमाही याच जातीच्या. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले गेले, बहुतेक जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे. २०१५ मध्ये येमेनमधून ऑपरेशन राहत झालं, २०२२ मध्ये युक्रेनमधून ऑपरेशन गंगा. बातम्यांत विमानं दिसतात. आत गेलीस तर दिसतात याद्या: कोणाचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलाय, कोणाला आउटपास, म्हणजे पासपोर्टऐवजी घरी परतण्यापुरता कागद, द्यायचाय, कोणाचं बाळ तिथेच जन्मलंय आणि त्याच्या नावावर एकही कागद नाही.

आता दुसरी गोष्ट, कागद. वकिलातीने तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाला लिहायच्या नेहमीच्या पत्राला नोट व्हर्बाल म्हणतात. ती तृतीयपुरुषी असते, खाली पूर्ण सही नसते, आद्याक्षरं आणि गोल शिक्का असतो. सुरुवात ठरलेली: भारताचा दूतावास मंत्रालयाला सादर अभिवादन करतो आणि कळवतो की, वगैरे. शेवटही ठरलेला, परम आदराची पुन्हा ग्वाही देण्याचा. गंमत म्हणजे आमच्या ड्रायव्हरला तिथल्या पोलिसांनी विनाकारण दोन तास बसवून ठेवलं म्हणून तक्रार करायची असली तरी अभिवादन आणि ग्वाही जागच्या जागी. रागवायचं ते मधल्या चार ओळींत, आणि तेही क्रियापदातून. नोंद घेतली, चिंता वाटते, तीव्र चिंता वाटते, खेद वाटतो, निषेध करतो, अशी ती शिडी आहे. पहिल्याच दिवशी 'निषेध' वापरून मोकळं झालं की दुसऱ्या दिवशी काही घडलं तर लिहायला शब्द उरत नाही. माझ्या पहिल्या वर्षी सेक्शन ऑफिसरांनी नऊ ओळींची एक नोट मला सहा वेळा परत दिली होती. सहाव्या वेळी खूण होती ती इंग्रजीतल्या एका 'the'वर.

दुसरा कागद म्हणजे बैठकीचं टिपण. दोन्ही बाजूंची माणसं तासभर बोलतात, चहा होतो, हसतात, निघून जातात. कोपऱ्यात बसलेल्या कनिष्ठाने संध्याकाळपर्यंत त्याचं दीड पान करायचं असतं. कोण काय म्हणालं, त्यात नवं काय होतं, कुठला विषय त्यांनी शिताफीने टाळला, आणि शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, आपल्याला काय वाटतं. 'ते म्हणाले' आणि 'मला वाटतं' यांची सरमिसळ झाली की तो कागद घातक होतो, कारण त्यावर दिल्लीत कोणीतरी निर्णय घेणार असतं.

म्हणून तुला माझा पहिला सल्ला करिअरचा नाहीच. परराष्ट्रमंत्र्यांची किंवा एखाद्या राजदूताची तासाभराची मुलाखत शोध. एकदाच ऐक, वहीत टिपत. मग इंग्रजीत एक पान लिही, वर सांगितलं तसं. दुसऱ्या दिवशी तेच अर्ध्या पानात आण, काही महत्त्वाचं न गाळता. अशा दहा मुलाखती कर. दहावी लिहितानाही मजा येत असेल तर तू या कामाची आहेस. तिसऱ्यालाच वैताग आला आणि 'हे काय म्हणतात त्यापेक्षा मला काय वाटतं ते सांगू द्या' असं झालं, तर तू बहुधा प्राध्यापक किंवा पत्रकार चांगली होशील, आणि ती उत्तम कामं आहेत. मी हे टोमण्याने म्हणत नाही. माझ्या बरोबरीचे दोघे खात्यातून बाहेर पडून शिकवायला लागले, आज माझ्यापेक्षा सुखी आहेत.

ही विद्या आपल्याला परकी नाही बरं. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी नेमलेला प्रतिनिधी. दिल्लीला हिंगणे होते, निजामाकडे हैदराबादेत गोविंदराव काळे. त्यांची पत्रं छापलेली आहेत, एखाद्या जुन्या ग्रंथालयात सहज मिळतील. मोडीतून आलेली ती मराठी सुरुवातीला अडखळवते, पण बातमी कशी कळवावी हे मी कुठल्याही मॅन्युअलपेक्षा तिथे जास्त शिकले. आणि चिकाटीसाठी रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये पदच्युत झाले, त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे दारं ठोठावत राहिले. हाती काही लागलं नाही. माझ्या टेबलावरची एखादी फाइल दोन-दोन वर्षं हलायची नाही तेव्हा मला ते हटकून आठवायचे.

आता रस्ते.

आयएफएस, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा, यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतूनच. वेगळी परीक्षा नाही. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. मुख्य परीक्षेचे मोजले जाणारे गुण १७५०, मुलाखतीचे २७५, एकूण २०२५. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३२ आणि संधी सहा. ओबीसींना ३५ आणि नऊ. अनुसूचित जाती-जमातींना ३७ आणि त्या वयापर्यंत कितीही. आयएफएसच्या जागा अलीकडच्या वर्षांत तीस-चाळीस, एखाद्या वर्षी पन्नासच्या वर. निवड झाली की मसुरीचा फाउंडेशन कोर्स, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, मग एक परदेशी भाषा वाटून देतात आणि ती शिकायला बाहेर पाठवतात. थर्ड सेक्रेटरी म्हणून सुरुवात, पुढे सेकंड, फर्स्ट, कौन्सेलर, आणि बऱ्याच वर्षांनी राजदूत. हे सगळं कुठल्याही क्लासच्या माहितीपत्रकात मिळेल, म्हणून इथे थांबते. एवढंच सांगते की फॉर्ममध्ये सेवांचा पसंतीक्रम भरताना आयएफएस पहिल्या क्रमांकावर टाकणाऱ्याला मुलाखतीत त्याचं कारण हमखास विचारतात. 'देशाचं प्रतिनिधित्व करायचंय' हे उत्तर त्या मंडळाने त्या दिवशी सकाळपासून चार वेळा ऐकलेलं असतं.

माझा रस्ता तुला कोणी सांगितला नसेल, तो जरा नीट ऐक. एसएससीची, म्हणजे दहावीची नव्हे, त्याच स्टाफ सिलेक्शन कमिशनची, सीजीएल म्हणजे कम्बाइंड ग्रॅज्युएट लेव्हल परीक्षा असते. आयकर, सीबीआय, लेखापरीक्षण अशा खात्यांच्या पदांबरोबर त्यात एक पद असतं, परराष्ट्र मंत्रालयातला असिस्टंट सेक्शन ऑफिसर. कुठलीही पदवी चालते, वय २० ते ३०, राखीव गटांना सवलत. वेतनश्रेणी सातव्या स्तराची, मूळ वेतन ४४,९०० पासून. आता मुलाखत नसते. परीक्षा गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि संगणकाची, प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत. तुझ्यासारख्या मुली इथेच कमी पडतात. राज्यशास्त्रात हुशार, पण शेकडेवारी आणि काळ-काम-वेगाला हात लावायचा नाही. आठवीचं गणिताचं पुस्तक काढ आणि रोज चाळीस मिनिटं दे. यात कमीपणा काही नाही. मी परीक्षा दिली तेव्हा भाच्याच्या वह्यांवरून अपूर्णांक केले होते. एक लक्षात ठेव, परराष्ट्र मंत्रालयाच्या जागा थोड्या असतात आणि मागणी भरपूर, म्हणून पसंती भरताना ते पद वर ठेवलं तरी गुण चांगले हवेतच.

या दाराने आत आलं की आधी काही काळ दिल्ली. आमच्या वेळी साउथ ब्लॉक किंवा जनपथावरचं जवाहरलाल नेहरू भवन असायचं. एखाद्या विभागात बसवतात, म्हणजे आखात, पूर्व आशिया, बांगलादेश-म्यानमार असं काही, किंवा प्रशासन, किंवा पासपोर्ट-व्हिसा. संसदेचं अधिवेशन असलं की प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात रात्र होते. मग बाहेरचं पोस्टिंग, साधारण तीन वर्षांचं, कठीण ठिकाणी दोन. ठिकाणांची प्रतवारी असते आणि सी प्रतीच्या ठिकाणी वीज-पाणी-औषध यांची खरोखरच मारामार असते. आफ्रिकेतल्या माझ्या एका शहरात पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. त्या दोन दिवशी मी ऑफिसला जायच्या आधी बादल्या भरायचे, अगदी लातूरच्या माझ्या मावशीसारखी. बाहेर असताना परदेश भत्ता मिळतो, सरकारी घर मिळतं, आणि सांभाळून राहिलं तर शिल्लक पडते हे खोटं कशाला बोलू. बढती मिळून सेक्शन ऑफिसर झालीस की बाहेर अटॅची किंवा व्हाइस कॉन्सुल, म्हणजे वकिलातीतला कनिष्ठ अधिकारी. पुढे अंडर सेक्रेटरी, आणि काही जण त्याच्याही वर जातात, आयएफएसमध्ये सामावले जातात. बढती हळू होते, आणि पंचविशीत आलेला आयएफएस अधिकारी तुझ्या चाळिशीत तुझा साहेब असतो. ते पचवता आलं पाहिजे. मला पहिली दहा वर्षं पचलं नव्हतं. नंतर एका तरुण साहेबाला पहिल्यांदा नोट व्हर्बाल लिहायला मीच शिकवली, तेव्हा जरा निवले.

याशिवाय पासपोर्ट कार्यालयांचं स्वतंत्र केडर आहे, आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर. लघुलेखन येत असेल तर एसएससीच्या स्टेनोग्राफर परीक्षेतूनही मंत्रालयात जाता येतं, आणि त्यातून जगभर फिरलेल्या बायका मी पाहिल्यात. यूपीएससीतूनच भारतीय व्यापार सेवा मिळते. आयात-निर्यातीत रस असेल तर तिकडे जरूर बघ. मुंबईत इतक्या देशांच्या वाणिज्यदूतावासांची कार्यालयं आहेत, तिथे स्थानिक कर्मचारी लागतात: व्हिसा, व्यापार, संस्कृती, राजकीय घडामोडींचं वार्तांकन. झेंडा दुसऱ्याचा, पण कामाची शिस्त तीच. मुंबईच्या मंत्रालयात राज्य सरकारचा राजशिष्टाचार विभाग आहे. संयुक्त राष्ट्रांचं नाव सगळे घेतात. त्यांची यंग प्रोफेशनल्स परीक्षा ज्या देशांची माणसं तिथे कमी आहेत त्यांच्यासाठीच असते, तेव्हा त्या वर्षीच्या यादीत भारत आहे का ते आधी बघ, मग स्वप्न बघ.

इंग्रजी. तुला वाटतं फाडफाड बोलता आलं पाहिजे. बोलणं येतं गं, सहा महिन्यांत येतं, माझे उच्चार शेवटपर्यंत मराठीच राहिले आणि कोणाचं काही अडलं नाही. अडतं ते लिहिण्यात. 'शॅल' म्हणजे करावंच लागेल, 'मे' म्हणजे केलं तर चालेल; एवढ्याने करार फिरतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर रोज निवेदनं येतात, प्रवक्त्यांची उत्तरं येतात. एकाच घटनेवर आपलं, चीनचं आणि अमेरिकेचं निवेदन शेजारी ठेव आणि क्रियापदं अधोरेखित कर. यूपीएससी मराठीतून देणार असशील तरी वाचन इंग्रजीतून, टिपणं मराठीत, असं ठेव, कारण या विषयावरचं ताजं साहित्य मराठीत फार तुटपुंजं आहे. आणि मुख्य परीक्षेत इंग्रजीचा तीनशे गुणांचा पेपर असतो. गुण धरत नाहीत, पण नापास झालं तर बाकीचे पेपर तपासतच नाहीत.

तिसरी भाषा शिक. हा माझा सगळ्यात ठाम सल्ला, आणि नेमका हाच कोणी ऐकत नाही. परीक्षेत तिचे गुण मिळत नाहीत म्हणून मुलं सोडून देतात. पण परीक्षा नाहीच झाली तर एम.ए.च्या कागदापेक्षा जपानी एन-२ किंवा जर्मन बी-२ अशा वरच्या पातळीचा दाखला तुला लवकर जेवायला घालेल. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन, फ्रेंचसाठी अलियाँस फ्रान्सेज. जपानीची तर पुण्यात परंपराच आहे. भाषेने माणूस कुठे पोचतो याचं उदाहरण म्हणजे विजय गोखले: चिनी भाषेचे जाणकार, पुढे चीनमध्ये राजदूत, आणि २०१८ ते २०२० परराष्ट्र सचिव. मला स्वतःला कामापुरती अरबी येते, तीही काउंटरवर उभं राहून शिकलेली. 'इन्शाअल्ला बुकरा' म्हणजे 'उद्या होईल' एवढंच नसतं, हे समजायला मला वर्ष लागलं.

एम.ए. करावं का? जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागात प्रवेश मिळत असेल तर जा. फी कमी, ग्रंथालय मोठं, भोवतीची मुलं वाचणारी, आणि प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व राज्यशास्त्राचा जुना विभाग आहे. घराजवळ राहायचं तर हे वाईट नाहीत. पण शेती गहाण टाकून इंग्लंडची एका वर्षाची पदवी घेऊ नकोस. ती घेऊन आलेली, डोक्यावर कर्ज आणि हातात विनापगारी इंटर्नशिप अशी मुलं मला भेटली आहेत. शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, सगळ्यांसाठी चेव्हनिंग आणि इरास्मस मुंडुस आहेत. विचारगटांमध्ये, म्हणजे दिल्लीत सप्रू हाउसची आयसीडब्ल्यूए, मनोहर पर्रीकरांच्या नावाची संरक्षण अभ्यास संस्था, मुंबईत गेटवे हाउस, इथे संशोधन साहाय्यकाच्या जागा निघतात. पगार बेताचा, पण तिथे लिहायला शिकवतात. तू जाणार असशील तर एक देश किंवा एक प्रश्न धरून जा. 'मला सगळ्या जगात रस आहे' म्हणणाऱ्याला कोणी घेत नाही. 'मी तीन वर्षं श्रीलंकेच्या बंदरांवर वाचतेय' म्हणणारीला बसायला खुर्ची देतात.

घरचं बोलू. मुलगी म्हणून जमेल का, असं बाबांच्या त्या वाक्यात दडलेलं असावं. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. तेव्हाच्या नियमात बाईने लग्नाला सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा अशी तरतूद होती. बढती नाकारल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे मारले. सरकारने दरम्यान त्यांना बढती देऊनही टाकली होती. आम्ही आलो तेव्हा रस्ता बराच साफ होता. तरी सोपं नाही. माझे यजमान शाळेत शिक्षक होते, त्यांनी दोनदा बिनपगारी रजा घेतली आणि तिसऱ्यांदा नोकरी सोडली. मुलाच्या पाच शाळा झाल्या. त्याला मराठी छान बोलता येतं, पण वाचताना अजून जोडाक्षराला थांबतो. वडील गेले तेव्हा मी जिथे होते तिथून आठवड्यात दोनच विमानं होती. दहाव्याला पोचले. हे नोकरी घ्यायच्या आधी घरात बसून बोलायचं असतं, नंतर नाही.

'आपल्यासारख्यांचं काम नाही' याचं उत्तर मी देण्यापेक्षा बाबांना ज्ञानेश्वर मुळे यांच्याबद्दल सांग. कोल्हापूर जिल्ह्यातलं अब्दुल लाट हे त्यांचं गाव. १९८३ च्या तुकडीचे आयएफएस. मालदीवला उच्चायुक्त, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत, आणि पुढे मंत्रालयात सचिव असताना पोस्ट ऑफिसांमध्ये पासपोर्ट केंद्रं सुरू करण्यामागे त्यांचा हात होता. तालुक्याच्या माणसाला पासपोर्टसाठी काय हाल काढावे लागतात हे त्या पातळीवर बसून ज्याला ठाऊक होतं, तो तालुक्यातूनच आलेला होता.

तुझं पुढचं वर्ष मी कसं लावलं असतं ते सांगते. सकाळी गणित आणि इंग्रजी, म्हणजे सीजीएल. दुपारी यूपीएससीचा पाया, कारण दोन्हींचं सामान्य ज्ञान बरंचसं एकच. शनिवार-रविवार भाषा, ऑनलाइन का होईना. आठवड्याला एक मुलाखत, एक पान. पदवी झाली की पहिली सीजीएल दे. नोकरी हाताशी असेल तर यूपीएससीच्या संधी घाबरत वापराव्या लागत नाहीत. मंत्रालयात बसून यूपीएससी देणारे माझ्या सेक्शनमध्येच तिघे होते, त्यातला एक आज राजदूत आहे.

आणि हो, तुझा पासपोर्ट आहे का? नसेल तर या महिन्यात काढ. तुला सोलापूरचं केंद्र जवळ पडेल, ते पुणे कार्यालयाखाली येतं. तिथे रांगेत बसशील तेव्हा काउंटरपलीकडची बाई कागद कसे चाळते ते बघून ठेव. पण अर्ज भरायच्या आधी दहावीची सनद, आधार आणि जन्मदाखला शेजारी-शेजारी मांड आणि तिन्हींवर तुझ्या नावाचं, वडिलांच्या नावाचं, आईच्या नावाचं स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर एकच आहे ना ते तपास. आईचं नाव विशेष बघ.